नाणेघाटातील चोवीस हजार चारशे : शून्याविना लिहिलेली एक मोठी संख्या

१/
कल्याणहून माळशेज घाट चढून वर आले की पिंपळगाव जोगा धरणाचा जलाशय दिसू लागतो आणि रस्ता मढ गावातून ओतूरकडे वळतो. पावसाळ्यात या वाटेवर गर्दी असते. मात्र कोकणातून जुन्नरच्या पठारावर येणारी याहून कितीतरी जुनी वाट मढच्या पश्चिमेला, डोंगररांगेच्या पलीकडे, जीवधन किल्ल्याच्या कुशीत आहे. ती वाट म्हणजे नाणेघाट. तेथील लेण्याच्या भिंतीवर कोरलेल्या एका मोठ्या संख्येविषयी हा थ्रेड आहे. ती संख्या २४,४००.

२/
नाणेघाटाविषयी समाजमाध्यमांवर एक विधान अधूनमधून फिरत असते : "शून्य आणि दशमान स्थानमूल्य पद्धती यांचा जगातील पहिला पुरावा नाणेघाटात आहे." अभिमान वाटावा असे हे विधान आहे, पण ते खरे नाही. नाणेघाटाच्या लेखात शून्य नाही आणि स्थानमूल्यही नाही. तरीही दहा हजारांच्या पुढच्या संख्या तेथे अचूक लिहिलेल्या आहेत. शून्य नसताना हे कसे साधले, ही गोष्ट त्या दाव्यापेक्षा अधिक रंजक आहे.

३/
प्रथम स्थळाची ओळख. सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान, म्हणजे आजचे पैठण. कल्याण आणि सोपारा ही कोकणातील बंदरे. या दोहोंमधील व्यापारी मार्ग जुन्नरमार्गे सह्याद्री ओलांडत असे आणि तो नाणेघाटातून जाई. घाटाच्या माथ्याजवळ कड्यात एक प्रशस्त लेणे खोदलेले आहे. माथ्यावर दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकली जात, अशी लोकसमजूत आहे. घाटाच्या नावाचा उलगडाही पुष्कळदा याच समजुतीने केला जातो.

४/
लेण्यात एकेकाळी सातवाहन राजकुलातील व्यक्तींच्या प्रतिमा होत्या. आज बव्हंशी पावलांच्या खुणाच उरल्या आहेत, पण प्रतिमांच्या वरची नावे वाचता येतात. त्यांत सिमुक सातवाहन आहे, राजा सिरि सातकणि आहे आणि देवी नायनिका आहे. हीच नायनिका आज नागनिका या नावाने परिचित आहे. लेण्याच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत मोठा लेख कोरलेला आहे. त्याचा काळ सामान्यतः इ.स.पूर्व दुसऱ्या ते पहिल्या शतकात धरला जातो.

५/
लेखाचा आरंभ देवतांना वंदन करून होतो : धर्म, इंद्र, संकर्षण व वासुदेव, चंद्र-सूर्य आणि चार लोकपाल. पुढे राजकुलाचा गौरव येतो. त्यानंतर राजघराण्याने केलेल्या यज्ञांची आणि प्रत्येक यज्ञात दिलेल्या दक्षिणेची यादी येते. अश्वमेध आणि राजसूय यांची नावे तीत आहेत. गाई, घोडे, हत्ती, गाव, वस्त्रे, रुप्याची भांडी आणि कार्षापण नावाची नाणी हे सारे मोजून नोंदवले आहे. यादी दानाची असली तरी तिला हिशेबवहीची शिस्त आहे.

६/
यादीत एकीकडे बारा गाई आणि एक घोडा अशा छोट्या नोंदी आहेत. दुसरीकडे ११,००० गाई व १,००० घोडे, १०,००१ गाई अशा भव्य नोंदी आहेत. एका यज्ञात २४,४०० कार्षापण दक्षिणा दिल्याची आणि प्रेक्षक व सेवकवर्गाला ६,००१ कार्षापण दिल्याची नोंद आहे. कार्षापण चांदीचे आणि सुमारे ३.४ ग्रॅम वजनाचे धरले, तर २४,४०० नाण्यांचे वजन ८३ किलोग्रॅमच्या आसपास जाते.

७/
आता या लेखातील अंकचिन्हांकडे वळू. एकसाठी एक आडवी रेघ आहे आणि दोनसाठी दोन आडव्या रेघा. हात न उचलता या दोन रेघा लिहिल्या की देवनागरी '२'चा पूर्वज दिसू लागतो. पुढील एककांना स्वतंत्र चिन्हे आहेत. दहासाठी वेगळे चिन्ह, वीससाठी वेगळे, ऐंशीसाठी वेगळे. शंभर आणि हजार यांनाही आपापली चिन्हे. म्हणजे या पद्धतीत '२'च्या खुणेपुढे काही ठेवून वीस होत नाही. वीस हे स्वतःच एक चिन्ह आहे.

८/
मोठ्या संख्यांसाठी वापरलेली युक्ती मराठी वाचकाला चटकन कळेल, कारण ती जोडाक्षरासारखी आहे. हजाराच्या चिन्हाला चारचे चिन्ह जोडले की चार हजार. हजाराला वीसचे चिन्ह जोडले की वीस हजार. शंभराला चार जोडले की चारशे, सात जोडले की सातशे. दोनशे आणि तीनशे मात्र शंभराच्या चिन्हाला जादा रेघा देऊन होतात. जोडणीच्या आत गुणाकार आहे, आणि एकापुढे एक ठेवलेल्या चिन्हांची बेरीज आहे.

९/
म्हणून नाणेघाटातील २४,४०० असे वाचायचे :
वीस-हजार + चार-हजार + चार-शे.
तीन जोडचिन्हे, संख्या पूर्ण. आपल्याला त्याच संख्येसाठी पाच अंक लागतात आणि त्यांपैकी दोन शून्ये असतात. नाणेघाटाच्या कोरक्याला शून्याची गरजच पडली नाही. दशक नाही, एकक नाही, मग ते लिहायचे कशाला? रिकामी जागा राखून ठेवण्याचा प्रश्न जागेला किंमत असलेल्या पद्धतीतच उद्भवतो.

१०/
१०,००१ ही संख्या याहून बोलकी आहे. आपल्या लेखनात तिला पाच अंक लागतात, मधली तीन शून्ये. नाणेघाटात दोनच चिन्हे : दहा-हजार आणि एक. उलट २८९ या लहान संख्येला तीन चिन्हे लागतात : दोनशे, ऐंशी आणि नऊ. याचा अर्थ असा की या पद्धतीत संख्या किती मोठी आहे यावर लेखनाची लांबी ठरत नाही. आज तिच्यात जितके शून्येतर अंक येतात, तितकी चिन्हे तेव्हा लागत.

११/
या पद्धतीचा खर्च किती? एक ते नऊ यांची नऊ चिन्हे, दहा ते नव्वद यांची नऊ चिन्हे, शिवाय शंभर आणि हजार. एकूण वीस मूळ चिन्हे. त्यांच्या जोडण्यांनी ९९,९९९ पर्यंतची कोणतीही संख्या लिहिता येते. आपण दहाच चिन्हांत हवी तेवढी मोठी संख्या लिहितो. फरक मोठा आहे. पण घाटातून जाणाऱ्या मालाची, जकातीची किंवा दानाची नोंद ठेवण्यासाठी वीस चिन्हांची ही पद्धती पुरेशी समर्थ होती.

१२/
ती किती समर्थ होती हे बेरीज करून पाहता येते. मुख्य दक्षिणा २४,४०० आणि प्रेक्षक-सेवकांचे ६,००१ एकत्र करू.
वीस-हजार, चार-हजार, चार-शे. त्यात सहा-हजार आणि एक.
चार-हजार व सहा-हजार मिळून दहा-हजार. ते वीस-हजारांत मिळवले की तीस-हजार. उत्तर : तीस-हजार, चार-शे, एक.
म्हणजे ३०,४०१. येथे 'हातचा' आला, पण शून्य कोठेही आले नाही.

१३/
व्यवहारातील गुणाकार-भागाकारही याच पद्धतीच्या काळात होत होते. याचा पुरावा नाशिकच्या पांडवलेण्यांत आहे. नाणेघाटानंतर काही पिढ्यांनी, क्षहरात राजा नहपानाचा जावई उषवदात याने तेथे लेख कोरविला. त्याने २,००० कार्षापण विणकरांच्या श्रेणीकडे दरमहा शेकडा एक या व्याजाने ठेवले. व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी मिळावेत, अशी व्यवस्था केली.

१४/
हिशेब तपासून पाहावा. २,००० वर दरमहा शेकडा एक म्हणजे महिन्याला २० आणि वर्षाला २४०. वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा म्हणजे २४०. एका कार्षापणाचाही फरक नाही. त्याच लेखात ७०,००० कार्षापणांचे, एका सुवर्णास ३५ कार्षापण या दराने, २,००० सुवर्ण होतात असा हिशेब आहे. तोही बरोबर आहे. या लेखातील अंक नाणेघाटाच्याच परंपरेतील आहेत. शून्य नव्हते म्हणून गणित अडले होते, असे मुळीच नाही.

१५/
ही अंकचिन्हे आधुनिक काळात वाचली कशी गेली? नाणेघाटाकडे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कर्नल साइक्स यांनी अभ्यासकांचे लक्ष वेधले. पण अंकांचा उलगडा करण्यात मोलाचा वाटा आहे पंडित भगवानलाल इंद्रजी यांचा. जुनागढचे भगवानलाल मुंबईत डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या सहवासात पुरातत्त्वाचे काम शिकले. नाणेघाटाच्या लेखातील अंकांवरचा त्यांचा निबंध १८७६ साली मुंबईच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात आला. पुढे १८८३ मध्ये ब्यूलर यांनी लेखाचे संपादन केले.

१६/
उलगड्याची किल्ली लेखांतच होती. अग्न्याधेय यज्ञाच्या नोंदीत गाई 'बारस', म्हणजे बारा, असे शब्दांत लिहिले आहे आणि शेजारी दहा व दोन यांची चिन्हे आहेत. नाशिकच्या लेखांतही अनेक रकमा शब्दांत आणि अंकांत अशा दोन्ही प्रकारे येतात. आजच्या धनादेशावर रक्कम अंकी लिहून पुन्हा अक्षरी लिहितात, तोच हा प्रकार. शब्द वाचता आले, म्हणून शेजारच्या अनोळखी खुणांची किंमत ठरवता आली.

१७/
आता या यादीतील एका विलक्षण मेळाकडे पाहू. एका ठिकाणी १,७०० गाई दिल्याची नोंद आहे. पुढे २८९ ही संख्या येते, आणि लगेच रुप्याच्या १७ कुंभींचा उल्लेख येतो. या तीन संख्यांचे नाते असे :
१७ × १ = १७
१७ × १७ = २८९
१७ × १०० = १,७००
भिंतीवर या तिन्ही संख्या जवळजवळ येतात, तेव्हा तो योगायोग मानणे कठीण आहे.

१८/
वैदिक कर्मकांडात सतरा ही संख्या एका यज्ञाशी घट्ट बांधलेली आहे. तो यज्ञ म्हणजे वाजपेय. त्यात सतरा स्तोत्रे असतात, सोमाचे सतरा पेले असतात, दक्षिणाही सतराच्या हिशेबाने असते. प्रजापती सतरा अंगांचा आहे, असे ब्राह्मणग्रंथ सांगतात. लेखाचा हा भाग झिजलेला आणि तुटक आहे. तरीही १७, २८९ आणि १,७०० या संख्या वाजपेयाकडे बोट दाखवतात. शब्द पुसले गेले, पण अंकांनी त्यांचा माग राखला.

१९/
मात्र येथेच सावध राहायला हवे. त्याच यादीतील ६,००१ ही संख्याही सतराने भाग जाणारी आहे : १७ × ३५३ = ६,००१. मग तीही वाजपेयाची खूण मानायची काय? नाही. प्रत्येक सतरा संख्यांमागे एक संख्या सतराने भाग जाणारी असतेच. जिच्याबरोबर ती रक्कम दिली, ती मुख्य दक्षिणा २४,४०० सतराने विभाज्य नाही. तिचे अवयव २, ५ आणि ६१ आहेत. मराठी म्हणीतील 'सतराशे विघ्नां'चा या १,७०० गाईंशी संबंध जोडण्याचा मोहही आवरावा.

२०/
६,००१ चा उलगडा दुसरीकडे, आणि बराच सोपा आहे. यादीतील इतर संख्या पाहाव्यात : १०,००१ गाई, गवामयनाच्या १,१०१ गाई. गोळा संख्येवर एक अधिक ठेवण्याची ही रीत मराठी घरांत आजही जिवंत आहे. आहेराच्या पाकिटात शंभर नव्हे तर एकशे एक, पाचशे नव्हे तर पाचशे एक. हा धागा दोन हजार वर्षे अखंड चालत आला असे कोणी सिद्ध केलेले नाही. पण साम्य लक्षणीय आहे.

२१/
येथे गणिताचा एक मूलभूत प्रश्न उभा राहतो : संख्येचे गुणधर्म कोणते, आणि तिच्या लेखनाचे कोणते?
१०,००१ उजवीकडून वाचा वा डावीकडून, आपल्याला सारखीच दिसते. नाणेघाटात ती 'दहा-हजार, एक' अशी आहे. तिथे ही सममिती नाही. म्हणजे ती सममिती आपल्या लिपीची आहे. पण १०,००१ = ७३ × १३७ हे कोणत्याही लिपीत खरे आहे. सतराचा वर्ग २८९ हे नागनिकेच्या काळीही खरे होते आणि आजही आहे.

२२/
हा भेद समजण्यासाठी महाराष्ट्रातीलच दुसरे उदाहरण उपयोगी पडते. देवळालीच्या शाळेत शिकवणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी ६१७४ या संख्येची गंमत जगापुढे आणली. सगळे अंक सारखे नसतील अशी कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करावी. उत्तरावर तीच क्रिया पुन्हा करावी. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतेच, आणि तिथेच थांबते.

२३/
उदाहरणार्थ ३५२४ :
५४३२ − २३४५ = ३०८७
८७३० − ०३७८ = ८३५२
८५३२ − २३५८ = ६१७४
मधल्या पायरीत ०३७८ मध्ये शून्य आघाडीवर उभे आहे. ते नसेल तर ही क्रियाच मांडता येत नाही. नाणेघाटाच्या पद्धतीत ६१७४ म्हणजे सहा-हजार, शंभर, सत्तर, चार. ही चिन्हे कशीही उलटसुलट ठेवली तरी बेरीज ६१७४ च राहते! कापरेकरांचा खेळ स्थानमूल्याच्या पटावरच खेळता येतो.

२४/
स्थानमूल्याने नेमके काय दिले, ते येथे स्पष्ट होते. नाणेघाटाच्या २४,४०० मध्ये चारचे चिन्ह दोनदा येते : एकदा हजाराला जोडून, एकदा शंभराला जोडून. पुढच्या पद्धतीने हजाराची आणि शंभराची चिन्हे काढून टाकली आणि त्यांचे काम जागेवर सोपवले. उरले दोन चार, शेजारी शेजारी. पण मग एककाची आणि दशकाची रिकामी जागा दाखवणे भाग पडले. तेथे शून्य अपरिहार्य झाले.

२५/
या पुढच्या वाटचालीचे काही टप्पे निश्चितपणे सांगता येतात. इ.स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने शून्यासह बेरीज-वजाबाकीचे नियम दिले. ६६२ मध्ये सीरियातील विद्वान सेवेरस सेबोख्त याने हिंदूंच्या नऊ चिन्हांनी होणाऱ्या गणनेची प्रशंसा केली. कंबोडियातील एका लेखात शक ६०५ हे वर्ष शून्यासह कोरले आहे. ग्वाल्हेरच्या चतुर्भुज मंदिरातील ८७६ च्या लेखात २७० आणि ५० हे आकडे आपल्या ओळखीच्या रूपात, शून्यासह आहेत.

२६/
मग नाणेघाटाचे स्थान कोणते? तेथील अंक भारतातील सर्वांत पहिलेही नव्हेत. अशोकाच्या लेखांत काही अंकचिन्हे आधीच आढळतात. सहसरामच्या लेखातील २५६ हे त्यांपैकी प्रसिद्ध उदाहरण. पण एककांपासून वीस हजारांपर्यंत चिन्हांचा इतका समृद्ध संच एकाच ठिकाणी देणारा एवढा जुना लेख म्हणून नाणेघाटाचे महत्त्व फार मोठे आहे. आपल्या आजच्या काही अंकांची पूर्वरूपे तेथे आहेत. शून्य नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

२७/
चुकीचा दावा केल्याने हानी काय होते, असे कोणी विचारील. हानी अशी की, शून्य शोधायला गेलेल्या माणसाला नाणेघाटात काहीच दिसत नाही. वीस-हजाराची जोडणी त्याच्या नजरेतून सुटते, 'बारस'शेजारचे दहा-दोन सुटतात, सतराचा वर्ग सुटतो. आणि ज्या दिवशी कोणी जाणकार तो दावा खोडून काढतो, त्या दिवशी नाणेघाटाचे खरे श्रेयही संशयाच्या भोवऱ्यात सापडते.

२८/
असाच दुसरा प्रश्न वारंवार विचारला जातो : राजघराण्याने एकूण किती गाई दान दिल्या? या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर नाही. लेखाच्या अनेक ओळी तुटल्या आहेत. कोठे यज्ञाचे नाव आहे आणि दक्षिणा गेली आहे, तर कोठे संख्या आहे आणि ती कशाची हे गेले आहे. उरलेल्या आकड्यांची बेरीज करता येईल, पण ती उरलेल्या दगडाची बेरीज ठरेल, दिलेल्या दानाची नव्हे.

२९/
नाणेघाटाची पद्धती लेखनातून गेली, पण भाषेतून गेली नाही. २४,४०० मोठ्याने वाचून पाहावे : चोवीस हजार चारशे. 'चार'ला 'शे' जोडलेले, 'चोवीस'ला 'हजार' जोडलेले, आणि शून्याचा उच्चार कोठेच नाही. वीस, तीस, चाळीस यांना स्वतंत्र नावे, जशी तेव्हा स्वतंत्र चिन्हे होती. चिनी लिपीत आजही ही संख्या दोन-दहाहजार, चार-हजार, चार-शे अशीच लिहितात. आपण ग्वाल्हेरच्या रीतीने लिहितो आणि नाणेघाटाच्या रीतीने बोलतो.

३०/
नाणेघाटाला जाणाऱ्यांनी एवढे करावे. भिंतीसमोर उभे राहून आधी एक आणि दोन यांच्या आडव्या रेघा शोधाव्यात, मग हजाराच्या चिन्हाला जोडलेल्या खुणा. तिरप्या उजेडात अक्षरे अधिक उठून दिसतात. अक्षरांत खडू भरू नये, त्यांवर पाणी टाकू नये, हात फिरवू नये, शेजारी नावे कोरू नयेत. ज्या ओळींतून यज्ञांची नावे गेली आहेत, त्यांतली संख्याही गेली, तर ती पुन्हा मिळवण्याचा मार्ग नाही.